कुलूपला खेळवायचं नाही

वरचा मजला,
३ फेब्रुवारी

वहिनी,

घाबरू नका, आज भांडायला लिहीत नाहीये. आईचा नियम आहे म्हणून कागद घेतला. गेल्या वर्षी त्या पेनल्टीवरून आपण दोघांनी जिन्यात जो तमाशा केला, समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली, तेव्हापासून फुटबॉल म्हटलं की या घरात तोंड बंद आणि पेन उघडं. क्लबच्या मॅनेजरनं क्लबच्या कोचला, म्हणजे दिरानं भावजयीला, एका जिन्याच्या अंतरावरून पत्र लिहायचं आणि ते दादानं चष्म्याच्या दुकानातून येता-जाता पोचवायचं! लोक हसतात. पण लिहून भांडलं की शिव्या कमी येतात, एवढं आईचं खरं निघालं.

मुद्दा कुलूपचा आहे. बचावाच्या मधोमध तिच्यासारखी उभी राहणारी दुसरी नाही हे मी कबूल करतो. कुलूप हे नाव तुम्हीच ठेवलंत आणि ते शोभतंही. पण बाई तेहतीस वर्षांची झाली. दिवसभर बस चालवते, तिथून तशीच सरावाला येते. फिजिओला विचारलं, तो म्हणाला गुडघा सुजतो. हंगामाचे तीनच सामने उरलेत. तेवढे तिला बसवा, विश्रांती मिळेल. तिचंही भलं, संघाचंही भलं.

तुमच्या खात्यात नाक खुपसतोय असं समजू नका. तुम्ही कोच झालात त्या दिवशी आईसमोर आपलं ठरलंय: खेळाडू घ्यायचा की सोडायचा ते मी बघणार, खेळवायचा की बसवायचा ते तुम्ही. तेव्हा हा हुकूम नाही. विनंती आहे.

तुमचा,
भाऊजी

*

तळमजला,
४ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ह्यांच्या हातात दिलं, म्हटलं माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय का तपासा, कारण मला इथे 'विनंती' असा शब्द दिसतोय आणि अक्षर तर तुमचं आहे.

आधी मनात आलं ते सांगून टाकते. म्हटलं, यात कुठेतरी पाणी मुरतंय. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नाच्या दिवशी दुपारी एका गोलकीपरचा करार उरकला, त्याला अचानक गुडघ्यांची दया कशी आली? पण मग काल सराव संपल्यावर पायऱ्या उतरताना कुलूपनं कठडा धरलेला मी पाहिला होता, ते आठवलं. ती स्वतःहून कधी सांगायची नाही. पाय मोडला तर प्लास्टर घालून बस चालवील. तेव्हा तुमच्यावर संशय घेतल्याची मला लाज वाटली, हे लिहून देते. जपून ठेवा, असा कागद तुम्हाला पुन्हा मिळणार नाही.

दोन सामने बसवते. तिसरा, शेवटचा, तेव्हाचं तेव्हा बघू. आज तिला सांगितलं, तुला विश्रांतीची गरज आहे. ती 'बरं' म्हणाली आणि बूट पिशवीत टाकले. मला वाटलं होतं ती भांडेल.

टाचणी मात्र तयार होत चाललीये. अंगानं एवढीशी, पण उजव्या कडेनं सुटली की समोरचीला टोचल्याशिवाय राहत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या पायात एवढी अक्कल मी पाहिली नव्हती. तिला पुढच्या वर्षी नीट सांभाळा.

वहिनी

*

तळमजला,
१७ फेब्रुवारी

छोट्या,

मी चष्मे विकतो. फुटबॉल गोल असतो की चपटा याच्याशी मला देणंघेणं नाही. तुमची पत्रं खिशात घालून जिना चढतो नि उतरतो, आजवर एकही स्वतःहून उघडून पाहिलेलं नाही. पण आज दुकानात जे झालं ते दोघांनाही सांगणं मला भाग आहे. तुझ्या वहिनीला तोंडी सांगून झालं. तुला लेखी.

कुलूप आली होती. चष्म्याची काडी निघाली म्हणाली. काडी धडधाकट होती, नुसता स्क्रू सैल होता. मी तो पिळून दिला तरी बाई हलेना. मग विचारते, "दादा, वहिनी माझ्यावर रागावल्यात का?"

"का गं?"

"साहेबांनी मला नको म्हटलं तर मी समजू शकते. पण वहिनींनी का बसवलं? एकच सामना तर राहिला होता."

मी विचारलं, कशाला राहिला होता? तेव्हा तिनं सांगितलं. करारात अट आहे, हंगामात वीस सामने खेळली की पुढच्या वर्षाचा करार आपोआप पक्का. तिचे एकोणीस झालेत. वर म्हणाली, "वहिनींना ठाऊक असेलच ना."

वहिनींना ठाऊक नव्हतं, छोट्या. आणि त्यांना ठाऊक नाही, हे तुला ठाऊक होतं.

मी लहानपणी तुझ्यासाठी पुष्कळ मार खाल्ला. आता माझं वय झालं. तुझी वहिनी टेबलाशी लिहायला बसलीये आणि पेन कागदातून आरपार जाईल असं वाटतंय. हे पत्र तिच्या पत्राबरोबरच वर आणतोय. दार उघड आणि मला आत न बोलावता घे.

दादा

*

तळमजला,
१७ फेब्रुवारी

भाऊजी,

या पत्रात शिव्या नाहीत. आईंनी मनाई केलीये म्हणून नव्हे. मला येतात तेवढ्या तुम्हाला पुरणार नाहीत म्हणून.

तुम्ही मला फसवलंत. कुलूपला सोडायचं होतं, तर सोडायचं. तो तुमचा हक्क. तिला केबिनमध्ये बोलवायचं, डोळ्याला डोळा भिडवून सांगायचं, पुढच्या वर्षी तुझी जागा नाही. पण अट पूर्ण व्हायला एक सामना उरला असताना तुम्ही माझ्या खांद्यावर बंदूक ठेवलीत, आणि मी खुळी, खांदा आणखी पुढे केला! वर लाज वाटली म्हणून लिहूनही दिलं. तो कागद परत पाठवा.

आज फिजिओला गाठलं. तो म्हणाला, गुडघा दर हंगामात सुजतो आणि बर्फ लावला की उतरतो. "साहेबांनी विचारलं सुजतो का, मी म्हटलं सुजतो." वा! पत्रात एक अक्षर खोटं नाही आणि एक अक्षर खरं नाही. ही कला तुम्ही करारांतच वापरता असं मला वाटायचं, घरात वापराल असं वाटलं नव्हतं.

आणि तिच्या डोळ्यांनी बघा. जी बाई माझ्या सांगण्यावरून ताप असताना नव्वद मिनिटं धावली, तिला दोन आठवडे वाटत राहिलं की वहिनींनी ठरवून तिच्या पोटावर पाय दिला. ती भांडली नाही, कारण तिला वाटलं भांडून उपयोग नाही.

त्या दोन्ही सामन्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. हरलो. दोन्ही गोल हवेतून आले, कुलूप जिथे उभी असते नेमके तिथून. आता शेवटचा जिंकला नाही तर संघ खालच्या गटात जाणार.

त्या सामन्याला कुलूप माझ्या संघात असेल. हा हुकूमही नाही आणि विनंतीही नाही. तुम्हाला कळवते आहे.

वहिनी

*

वरचा मजला,
१९ फेब्रुवारी

वहिनी,

फसवलं. शब्द कमी-जास्त करत नाही.

पण आता माझं ऐका. कमिटीनं पुढच्या वर्षी किती जणी ठेवायच्या ते ठरवून दिलंय. गोल होत नाहीत म्हणून वर्षभर बोंब कोणी मारली? तुम्हीच. म्हणून एक मोठी स्ट्रायकर ठरवलीये. ती आली की एक जागा जाते. मग उरलेल्या एका जागेसाठी दोघी राहतात: कुलूप आणि टाचणी. कुलूप अजून एक वर्ष देईल, फार तर दीड. टाचणी दहा देईल. तुम्ही माझ्या खुर्चीत बसून बघा म्हणजे कळेल.

विचारलं का नाही म्हणता? विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दोघी हव्यात. तुम्हाला नेहमी दोघी हव्या असतात. कोचला सगळ्याच हव्या असतात, म्हणून तर मॅनेजर ठेवावा लागतो. कोणीतरी वाईट व्हावं लागतं आणि चार वर्षं तो मी होतोय. पोरी तुम्हाला वहिनी म्हणतात, मला साहेब. सोडलेली प्रत्येक पोरगी तुमच्या गळ्यात पडून रडते आणि माझ्या केबिनचं दार आपटून जाते. त्या दाराची कडी मी तीनदा बदलली. याबद्दल कधी तक्रार केली नाही, आज करतोय.

कुलूपच्या तोंडावर सांगायला हवं होतं, हे तुमचं बरोबर. ते मला जमलं नाही. माझ्या मुलीला शाळेतून आणताना ती बस थांब्याच्या पुढे आणून आमच्या दारासमोर थांबवते. तिला काय सांगू?

आता सरळ विचारतो. उतरवाल कुलूपला? उतरवलंत तर टाचणी जाईल. तुम्ही शोधून आणलेली, तुम्ही 'नीट सांभाळा' म्हणून लिहिलेली टाचणी. सही माझी असेल, पण घालवलेली तुम्ही असाल. विचार करा.

भाऊजी

*

तळमजला,
२० फेब्रुवारी

भाऊजी,

विचार केला. दळणाला बसल्यासारखा रात्रंदिवस केला आणि पीठ तेच पडलं.

आधी टाचणीचं. तिची ढाल करून तुम्ही माझ्यापुढे उभी केलीत. मी ती ढाल हातात घेतली आणि सरळ तिलाच जाऊन सांगितलं, बाई, असं असं आहे. चोरूनमारून ठरवायची तुमच्या खात्याची पद्धत मला शिकायची नाही. ती गोलपोस्टला टेकून बसली होती. जरा वेळ बुटाची नाडी सोडत-बांधत राहिली. मग म्हणाली, "मला सोडणार असतील तर तुम्ही मला दुसरीकडे लावून द्याल ना? पण शेवटच्या सामन्याला ती पाहिजे, वहिनी. ती मागून ओरडत नसली की मला कळतच नाही कुठे पळायचं." ती रडली नाही हो. मीच घरी येऊन रडले. तुमच्या दादांना विचारा.

आता कुलूपचं. तुम्हाला वाटत असेल, वहिनी सूड म्हणून तिला पहिल्या मिनिटाला उतरवतील, सामना मोजला गेला की बाहेर काढतील, झाली अट पूर्ण. ते मी करणार नाही. मी कोच आहे, अनाथाश्रम चालवत नाही. समोरच्या संघाच्या पुढच्या पोरी बुटक्या आणि सुसाट आहेत. त्यांच्यापुढे कुलूपला सुरुवातीपासून ठेवलं तर तिचं हसं होईल, हे तिलाही कळतं. पण त्यांच्या बाकावर एक उंच पोरगी आहे. गोल होत नसले की शेवटी तिला उतरवतात आणि हवेतून चेंडू टाकत बसतात. ती उंच पोरगी उतरली की कुलूप उतरेल. नाही उतरली तर कुलूप बाकावर बसून राहील आणि तुमचं काम आपोआप होईल. हे मी कुलूपलाही सांगितलं. ती म्हणाली, "असंच हवं. उपकार म्हणून उतरवलंत तर मी उतरणार नव्हते."

तेव्हा तुमच्या गणितात माझा पाय अडकवू नका. कोण राहणार ते तुम्ही ठरवा, उघड ठरवा आणि कडी बदलत राहा. खेळवायचं कोणाला, ते मीच ठरवणार. आईंसमोर ठरलेला शब्द तुम्ही मोडलात. मी पाळणार आहे.

वहिनी

*

क्लबचे कार्यालय,
२२ फेब्रुवारी

क्लबच्या कोच यांस,

शेवटच्या सामन्यात सदर खेळाडू मैदानात उतरल्यास आपल्याला कोचच्या पदावरून दूर करण्यात येईल. याची नोंद घ्यावी.

मॅनेजर

वहिनी, खाली हाताने लिहितोय. हे कमिटीनं लिहायला लावलेलं नाही. माझ्या डोक्यातून आलंय आणि नंतर मी ते कोणाच्या नावावर ढकलणार नाही. तुम्हीच म्हणालात ना, डोळ्याला डोळा भिडवून सांगा. सांगितलं.

*

तळमजला,
२२ फेब्रुवारी

भाऊजी,

पोचलं. सही करून एक प्रत उलट पाठवतेय, नाहीतर म्हणाल मिळालंच नव्हतं.

'मैदानात उतरल्यास' असं लिहिलंय. कुलूप आपण होऊन कुठे उतरत नसते. मी उतरवते. पुढच्या वेळी धमकी देताना माझं नाव घालत जा.

वहिनी

*

तळमजला,
२५ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही सामना पाहिलात, पण तुम्ही चेंडू पाहत होता. मी काय पाहिलं ते सांगते.

टाचणीनं पहिल्या हाफमध्ये गोल मारला तेव्हा स्टँडमध्ये तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मग कोणी पाहतंय का म्हणून इकडेतिकडे बघितलंत. मी पाहत होते. एक-शून्य. त्यानंतर त्या बुटक्या पोरींनी आपल्याला अक्षरशः नाचवलं. आपली गोलकीपर नसती तर चार गोल पडले असते. कुलूप बाकावर बसून नखं खात होती आणि मी मनात म्हणत होते, ती उंच पोरगी उतरू दे. कोच होऊन समोरच्याचा संघ बळकट व्हावा म्हणून देवाला साकडं घातलं, एवढी वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत.

शेवटी ती उतरली. आल्याबरोबर पहिलंच हेडर तिनं बारवर आदळलं. मी मागे न बघता म्हटलं, "कुलूप, चल." जॅकेट काढलेलंच होतं बाईनं.

मग चेंडू बाहेर जाईना. खेळ थांबल्याशिवाय बदली होत नाही आणि खेळ थांबेना. कधी नव्हे त्या दोन्हीकडच्या पोरी चेंडू मैदानातच ठेवायला लागल्या. कुलूप रेषेवर उभी, चौथा रेफरी पाटी धरून उभा. तेवढ्यात तुम्ही स्टँडवरून खाली आलात. तुमचे बूट पायऱ्यांवर वाजत होते, मला वळायची गरज नव्हती. तुम्ही येऊन बरोबर कुलूपच्या आणि मैदानाच्या मधे उभे राहिलात. ती तुमच्याकडे पाहत होती, तुम्ही माझ्याकडे. म्हटलं, आता जिन्यातला तमाशा मैदानावर होणार.

त्यांना कॉर्नर मिळाला. खेळ थांबला. मी म्हटलं, "भाऊजी, सरका. मुलीला वाट द्या."

आणि तुम्ही सरकलात.

ती आत गेली, धावली नाही, चालत गेली. त्या उंच पोरीच्या पुढ्यात पाठ लावून उभी राहिली. हात मागे बांधलेले, म्हणजे रेफरीला बोट दाखवायला जागा नको. कॉर्नर आला. उंच पोरीला उडी मारायला पाऊलभर जागा हवी होती, ती मिळाली नाही. चेंडू आपल्या गोलकीपरच्या हातात अलगद येऊन बसला आणि शिट्टी झाली. संघ वाचला. कुलूपचा चेंडूला स्पर्शसुद्धा झाला नाही.

मी तिला तुमचा हुकूम मोडायला उतरवलं नाही. त्या उंच पोरीसाठी उतरवलं. पण हुकूम मोडला गेला तेव्हा आनंद झाला, पोटभर झाला, तो लपवणार नाही.

आता पाठवा तुमचा कागद.

वहिनी

*

वरचा मजला,
२८ फेब्रुवारी

वहिनी,

कागद सोबत जोडलाय. तुम्हाला आजपासून कोचच्या पदावरून दूर केलं आहे. लिहून दिलं होतं तसं केलं.

काल कमिटीची बैठक झाली. ती कशी झाली ते तुम्हाला बाहेरून कळेल, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. खजिनदार म्हणाले, कुलूपचा विसावा सामना धरायचं कारण नाही. चेंडूला पाय लागला नाही, म्हणजे ती खेळली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे बघून हसलेही, जणू मला खिडकी उघडून दिली. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर कुलूप गेली असती, टाचणी राहिली असती आणि मी जे महिनाभर मागत होतो ते फुकटात पदरात पडलं असतं.

मी म्हटलं, उतरली म्हणजे उतरली. रेफरीनं आत घेतलं म्हणजे सामना झाला. ते म्हणाले, पण केलं काय तिनं? तेव्हा मी उभा राहिलो आणि खुर्च्या मांडून दाखवलं. ही उंच पोरगी, ही कुलूप, इथून कॉर्नर. म्हटलं, कुलूप इथे उभी होती म्हणून ही उडी मारू शकली नाही. ही उडी मारू शकली नाही म्हणून आज आपण वरच्या गटात बसून चहा पितोय. पाय लागला नाही हीच तिची कामगिरी. जिला चेंडूपर्यंत जावंच लागत नाही, ती खरी बचावातली बाई.

खजिनदारांनी विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून कळायला लागलं?"

म्हटलं, "माझ्या भावजयीनं शिकवलं. जिला मी आता काढतोय."

कुलूपचा करार पक्का झाला. तो कागद तिला मी स्वतः नेऊन दिला, बस डेपोत. तिनं हात मिळवला नाही. कागद मात्र घेतला. टाचणीला सोडण्याच्या कागदावरही सही केली. तिला केबिनमध्ये बोलावून तोंडावर सांगितलं. दार आपटलं तिनं.

मी का सरकलो, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायचं असेल. मैदान तुमचं आहे म्हणून सरकलो. खुर्ची माझी आहे म्हणून तुम्हाला काढलं. माफी मागत नाही. तुम्ही मागावी असंही म्हणत नाही.

भाऊजी

*

तळमजला,
२० मार्च

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. रागानं झाला, दुसरं कारण नाही.

चार वर्षं बांधलेला संघ एका कागदानं हातातून गेला, याचं मला दुखलं. अजून दुखतंय. गेल्या आठवड्यापर्यंत सरावाची वेळ झाली की मी बूट घालायचे आणि मग आठवायचं की जायला जागा नाही. तशीच स्वयंपाकघरात बूट घालून उभी राहायचे. तुमचे दादा काही विचारायचे नाहीत, चहाचा कप पुढे करायचे. आपल्या घरात एक तरी पुरुष शहाणा निघाला.

तुमचा खुर्च्यांचा खेळ मला तीन जणांनी येऊन सांगितला. त्या दिवशी मी तुमच्या नावानं बोटं मोडणं थांबवलं. तुम्ही खिडकीतून बाहेर पडू शकत होता, पडला नाहीत. मग मला काढलंत, तेही लिहून दिल्याप्रमाणे. मला काढणारा माणूस निदान बोलल्या शब्दाचा निघाला. पहिल्या पत्रात निघाला असता तर एवढं सगळं झालंच नसतं, पण असो. तोच सामना पुन्हा आला, तीच उंच पोरगी उतरली, तुम्ही तसेच मधे येऊन उभे राहिलात, तर मी पुन्हा 'सरका' म्हणेन. एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

आता बातमी. नदीपलीकडच्या क्लबानं मला बोलावलं. हो, तोच, ज्याचं नाव घेताना तुम्ही तोंड वाकडं करता. त्यांच्या मॅनेजर एक बाई आहेत, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तिथून काढलं का?" मी तुमचा तो हुकूम पर्समधून काढून पुढे ठेवला. त्यांनी खालच्या ओळींसकट वाचला आणि विचारलं, "आमचाही हुकूम असाच मोडाल?"

म्हटलं, "खेळवण्याबद्दल असेल तर मोडीन."

बाईंनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला. मग म्हणाल्या, "सोमवारपासून या." माझ्या करारात पहिलं वाक्य मी घालून घेतलंय: संघ कोच निवडेल. शब्द आता कोणाच्या आईसमोर नको, कागदावर हवा, एवढं मी तुमच्याकडून शिकले.

माझी पहिली मागणी टाचणीची होती. तुम्ही सोडलीत, मी घेतली. कालपासून सरावाला येतेय आणि आल्या आल्या दोघींना लोळवलं. कुलूप तुमच्याकडे आहे, तिला जपा. तिच्या गुडघ्याला बर्फ लावायला सांगा, आणि खोटी दया दाखवायला जाऊ नका. तिला मी नोकरीची बातमी दिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आता टाचणी माझ्या अंगावर येणार." मी म्हटलं, हो. "येऊ दे," म्हणाली. दोघींचं काय व्हायचं ते मैदानात होईल. तिथे ना तुमची सही चालेल, ना माझी माया.

नव्या हंगामाचा पहिलाच सामना तुमच्या मैदानावर, तुमचा नि आमचा. तुमची ती मोठी स्ट्रायकर आणा, आईंना पुढच्या रांगेत बसवा आणि स्टँडवरून खाली धावत येऊ नका, आता त्या रेषेवर तुम्हाला कोणी सरका म्हणणार नाही, रेफरीच हाकलेल.

आणि त्या दिवशी संध्याकाळी सगळे खाली जेवायला या. मी काही कमी करणार नाही. हरून या, पोटभर वाढीन.

वहिनी